मळ्यात अडकलेली रानघोडी

भुसावळला रिक्षा वाढल्या आणि टांगे बसले. ज्यांना जनावर पोसणं झेपेना, त्यांनी घोडे तापीकाठी नेऊन सोडून दिले. काही मेले, काही जगले. जगलेल्यांची शिंगरं माणसाचा हात न लागताच वाढली. मी फैजपूरच्या कॉलेजातून बी.ए. झाले त्या वर्षी आमच्या गावाखालच्या घळींत अशी आठ-नऊ रानघोडी होती. सकाळी धुक्यात ती केळीच्या मळ्यांत शिरायची, नवी लागण तुडवायची, कोवळे पोंगे खाऊन जायची. गाव चिडलं होतं. मळ्यांना काटेरी तार करायची आणि हाकारा घालून सगळा कळप सातपुड्याकडे पिटाळायचा, असं ठरलं होतं. वरच्या कोरड्या रानात ती जगणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

आमच्या मळ्याला तार लागली आणि चौथ्या दिवशी तिच्यात एक घोडी अडकली. तांबूस रंगाची, तीनेक वर्षांची. मागच्या पायाला तारेचे दोन वेढे बसले होते आणि ओढून ओढून तिने मांस फाडून घेतलं होतं. शेजारच्या मळेवाल्याने माझ्या वडिलांना सांगितलं, "नाना, राहू द्या. मरीन आपोआप. बाकीच्यायले धाक बसीन."

नानांनी फैजपूरहून म्हाताऱ्या नालबंदचाचांना बोलावून घेतलं. जन्मभर टांग्याच्या घोड्यांना नाल मारलेला माणूस. चाचांनी खांद्यावरचा रुमाल तिच्या डोळ्यांवर टाकला, तोंडाने काही पुटपुटत राहिले आणि पक्कडीने तार तोडली. घोडी आमच्या खळ्यात आली. "पाय बरा झाला का सोडून देऊ," नाना म्हणाले.

माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, म्हणून मी दिवसभर घरीच. जखमेवर औषध लावायचं काम माझ्याकडे आलं. पण ती जवळ येऊच देईना. दात काढायची, मागचे पाय झाडायची. चाचा रोज सायकलवर यायचे, बघायचे आणि हसायचे.

"बेटी, तिच्याकडे बघू नको. पाठ करून बस. तिला तुझ्याकडे बघू दे."

मी सुपात हरभरे घेऊन तिच्याकडे पाठ करून निवडत बसू लागले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. आईला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. दहाव्या की अकराव्या दिवशी मानेवर ऊन श्वास लागला. मी हलले नाही. माझ्या खांद्यावरून तोंड घालून तिने सुपातले हरभरे खाल्ले. मला रडू आलं, ते का, हे आजही सांगता येणार नाही.

नाव मी तिला ठेवलं नाही. "ये बाई," एवढंच म्हणायची. पाय बरा झाला, तरी सोडायचं नाव कोणी काढलं नाही. तोंडाला म्होरकी आली, लांब दोरावर गोल फिरणं आलं. पाठीवर आधी रिकामं पोतं, मग ज्वारीचं अर्धं, मग मी. आई दारातून ओरडायची, "लग्नाची पोर, हातपाय मोडला तं कोन करीन तुले?" नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत. एका सकाळी मळ्याच्या वाटेवर ती माझ्यासकट चौखूर सुटली. दोन्ही बाजूंनी केळीची पानं, मध्ये आम्ही दोघी. तेवढी वाट संपू नये असं वाटलं होतं. संपली. तसं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

यात्रेची कल्पना चाचांची. "गावाला वाटतं, ही जनावरं बेकाम. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊ. चार लोकांत दाखवू." तेव्हा धुळे जिल्हा एकच होता, नंदुरबार वेगळा झाला नव्हता. नानांनी सरपंचांना गळ घातली, "आबा, यात्रेपावतर हाकारा थांबवा. तुमीबी चला." ट्रकमध्ये घोडी, चाचा, नाना, आबा आणि मी, असे आम्ही निघालो.

तिथे मारवाडची, काठेवाडची उंच घोडी होती, गोंडे लावलेली, पायांत चांदीचे तोडे. आमची बुटकी, मागच्या पायावर वण. लोक हसले. मी बसायचं नाही, असं आईने वचन घेतलं होतं, म्हणून चाचा बसले. ती जागची हलेना. मान झटकायची, थरथरायची. हसणं वाढलं तसे आबा नजर चुकवून बाजूला सरकले.

मला राहवेना. मी रिंगणात गेले, चाचांना उतरवलं आणि तिचा लगाम, दोर सगळं काढलं.

"पोरी, पळून जाईन ते!" नाना ओरडले.

मी "ये बाई" म्हणून चालू लागले. ती मागे आली. मी थांबले, ती थांबली. मी धावले, ती शेजारून दुडकी धावली. रिंगणाचे दोन फेरे झाले तेव्हा हसणं थांबलं होतं. शिरपूरकडचा एक म्हातारा पुढे आला. "कोनी शे ही घोडी?"

"कोनाची नही," नाना म्हणाले. "नदीवरची हाये."

दोन व्यापाऱ्यांनी मागितली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी नाही म्हटलं. परतताना ट्रकमध्ये आबा घोडीच्या पायावरचा वण बघत होते. मग म्हणाले, "राहू द्या त्यायले. नदीकडचं गायरान सोडून देऊ. मळ्यांले तेवढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा." हाकारा झाला नाही. काटेरी तारही निघाली.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, सोलापूरला. घोडी दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती. ठेवावी कोणासाठी? लग्नाच्या आठ दिवस आधी चाचांना घेऊन मी तिला घळीपाशी नेलं आणि म्होरकी काढली. ती गेली नाही. मी परत फिरले की मागे यायची. असं तीनदा झालं.

"बेटी, अशी नाही जाणार," चाचा म्हणाले. "ढेकूळ मार."

मी मारलं. खांद्यावर लागलं. ती दचकली, माझ्याकडे बघत उभी राहिली. मी दुसरं उचललं, तेव्हा ती वळली आणि घळीत उतरली. चाचा रुमालाने डोळे पुसत होते. मी तेव्हा रडले नाही. पुढे सोलापुरात, बिऱ्हाडाच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना, कितीतरी दुपारी रडले.

पुढच्या वर्षी आखाजीच्या सणाला माहेरी आले आणि दुसऱ्या दिवशीच नदीवर गेले. कळप पलीकडच्या काठावर होता. तिच्या पोटाशी शिंगरू होतं. मी हाक मारली. तिने मान वर केली, कान माझ्याकडे वळवले, आणि शिंगराला पुढे घालून कळपात गेली. मी आठही दिवस गेले. ती दिसायची. नदी ओलांडून आली नाही.

चाचांना सांगितलं, तर म्हणाले, "माणसाजवळ जाऊ नये, हे तिला कळलं. चांगलंच झालं." चांगलंच होतं ते. मलाही पटत होतं. तरी परतीच्या एस.टी.त मी खिडकीतून नदी दिसेपर्यंत वळून बघत होते.

घरी पोहोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणतंय माहेर?"

मी म्हटलं, "बरं आहे सगळं. केळी चांगली आलीय यंदा."