पाडव्याचे थापे

कलेने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही, असं मी चित्रकलेच्या तासाला पस्तीस वर्षं सांगत आलो. वर्गात गाई नव्हत्या.

निवृत्तीनंतर आम्ही नवराबायको शहरातलं, तुकोगंजातलं घर भाड्याने देऊन खंडवा रोडच्या आतल्या अंगाला, आमच्या दोन बिघे शेतात राहायला आलो. एक गाय, तिची वासरी, सहा कोंबड्या आणि माझी ईझल. ईझल मी सांभाळतो. बाकी सगळं जीजी. ती शेजारच्या गावातली, माझ्याहून वयाने मोठी. वासरी, म्हणजे तिच्या भाषेत केडी, दूध सुटलं की जीजीच्या घरी जायची, असं आमचं ठरलं होतं. दोन वर्षं तिच्या दारात जनावर नव्हतं. तिने रिकाम्या गोठ्यावर नवे पत्रे घालून घेतले होते आणि जाता-येता केडीशी त्या पत्र्यांबद्दल बोलायची.

माळव्यात दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गुरांची शिंगं रंगवतात, अंगावर हाताचे थापे उठवतात. जीजी त्यासाठी गेरू आणि खडी, म्हणजे पांढरी माती, कालवते. त्या वर्षी शहरातल्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष 'लोककलेच्या जिवंत आविष्काराचे' फोटो काढायला येणार होते. अशा शब्दांना मी एरवी हसतो. पण खडीचा पांढरा फोटोत मळकट दिसेल, असं मलाही वाटलं. पेटीच्या तळाशी तैलरंगाची एक जुनी, जाडजूड ट्यूब होती. ती मी चांगल्या प्रसंगासाठी राखून ठेवली होती.

"यो खडी नी है, मास्साब," जीजी नाक आक्रसून म्हणाली. "बास आवे है."

"असली रंग आहे, जीजी. पावसानेही जायचा नाही."

काळ्या गाईच्या दोन्ही कुशींवर बारा पांढरे पंजे उठले. मी चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून बघत उभा राहिलो. वासरी एक पंजा चाटत होती. बोटं संपली होती, तळहात चालू होता.

"अहो, तिची जीभ बघा! पूरी सफेद!" बायको ओरडली.

मी भिंग आणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. दुर्दैवाने मोठ्याने वाचली. रंगात शिसं होतं. विषारी होता. मुलांच्या हाती देऊ नये, असं छापलं होतं. वासरांचा उल्लेख नव्हता.

जीजीने विचारलं, "तो अबे म्हारी केडी मरेगी?"

मी गावातल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते देवासला सासुरवाडीत होते. "सरजी, पहले गाय को पोंछो. खाने के तेल से, फिर साबुन से. बच्ची को मॅग्नेशियम सल्फेट पिलाओ." किती, ते सांगितलं. मग लक्षणं सांगितली: सुस्त पडेल, दूध सोडेल, दात खाईल, दिसेनासं होईल. "उद्या सकाळी पोचतो. तोपर्यंत नजर ठेवा."

बायको स्कूटर काढून औषध आणायला गेली. मी आणि जीजी शेंगदाण्याच्या तेलाने गाय पुसत बसलो. तैलरंग तेलाने निघतो हे मी मुलांना शिकवलं आहे; गाय लाथ मारते, तो भाग अभ्यासक्रमात नव्हता. जीजी गाईच्या गळ्याखाली खाजवत तिला धरून होती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मध्येच अध्यक्षांचा फोन आला. गाईची तब्येत बरी नाही, म्हणालो. "मग आविष्कार पुढे ढकलायचा का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी हो म्हणालो.

औषधाचं दुकान सणामुळे बंद होतं. बायकोने वर राहणाऱ्या दुकानदाराला जेवणावरून उठवून पुडी आणली. ते कडू पाणी वासरीच्या घशाखाली उतरवायला तिघं लागलो. नंतर मी तिला खुंट्याकडे नेऊ लागलो, तर जीजीने माझ्या हातातून दावं काढून घेतलं.

"रेवा दो. जे होना है, माँ के पास हो."

आणि तिने वासरीला मोकळं सोडलं. त्यावर बोलण्याचा अधिकार मला नव्हता.

संध्याकाळी जीजी चरवी घेऊन धारेला बसली. सडांत थेंब नव्हता. तिने रिकामी चरवी उपडी करून आम्हाला दाखवली. "गाय का भी सूख गया," बायको पुटपुटली. वासरी कान पाडून भिंतीशी बसली होती. तिला आईजवळ नेलं तर तिने तोंड फिरवलं. सुस्ती झाली, दूध सोडून झालं. मी दात वाजतात का ते ऐकायला तिच्या जबड्याला कान लावला. स्वतःच्याच कानात ठोके ऐकू येत होते.

सकाळी ती उठेना. शेपटीखाली सगळं पातळ, पिवळट झालं होतं. जीजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर आले तेव्हा ती हलली नाही. त्यांनी वासरीच्या डोळ्यांपुढे झटकन हात नेला. पापणी मिटली. दोन्ही डोळ्यांची. त्यांनी जबडा पाहिला, पोट दाबलं, शेण पाहिलं, वास घेतला. मी ट्यूब पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"हिला बांधली कुठे होती काल?"

"बांधी नी," जीजी म्हणाली. "माँ के पास छोडी थी."

"दुपारपासून? मोकळी?"

"हो."

"आणि धार कुणी काढली?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहू लागलो. चाळीस वर्षं गुरं सांभाळलेल्या बाईला एरवी हे कळायला क्षणही लागला नसता. पण मी तिला छापलेलं वाचून दाखवलं होतं.

शिशाचं लक्षण एकही नव्हतं. आमच्याकडे दोन सड वासरीचे आणि दोन घरचे. त्या दिवशी तिने चारही संपवले होते. एक वेळ उपाशी ठेवा, डॉक्टर म्हणाले, आणि चहा न घेता भाऊबीजेला गेले.