पडलेला गडगा

पावसात आमच्या वाडीचा दगडी गडगा कोसळला आणि मोकाट गुरांनी काजूची कोवळी कलमं तुडवली. "आता पुढच्या वर्षीच बघू," मी म्हणाले. नवरा मात्र सकाळी उठून दगड वेचू लागला. मग मीही पदर खोचला.

आश्विनातल्या उन्हात आठवडाभर आम्ही दगड रचले. एक वेडावाकडा दगड तो बराच वेळ हातात फिरवत राहिला.

"टाक की तो," मी वैतागले.

"बसेल गं कुठेतरी," तो म्हणाला, आणि बसवलाच. गडग्याला ना चुना, ना माती. एकमेकांच्या भारावरच उभं राहायचं. संसार तरी वेगळा काय असतो?

शेवटच्या दिवशी एक बैल आला, गडग्यापाशी थबकला आणि माघारी वळला.

"चल," नवरा म्हणाला, "वाचलेल्या कलमांना काठ्या बांधू."