दारफाळणीच्या दिवशीचा हुंकार

खरं सांगते, त्या वर्षी देवावर माझा राग होता. आमचे हे चैत्रात गेले आणि आश्विनात दारफाळणीचा सण आला, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं की एवढा शेवटचा. मग ह्यांचं प्रार्थनेचं पुस्तक ठाण्याला मुलाच्या हवाली करायचं आणि मोकळं व्हायचं. सावली गावात आम्ही बेने इस्राएली, म्हणजे यहुदी, दोघंच. त्यातलं एक माणूस गेल्यावर सण करायचा तरी कुणासाठी?

दारफाळणी म्हणजे आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. अंगावर पांढरे कपडे, चूल बंद, दार बंद, आणि दिवसभर क्षमा मागायची. माझ्या माहेरी, कोकणात, आम्ही प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचो. घरोघरचे खोबरेल तेलाचे दिवे तिथं टांगलेले असायचे. मी आईच्या मांडीवर पेंगत असायचे आणि पुरुषांचा 'आमेन' उठला की दचकून जागी व्हायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण! नवे परकर घालून आम्ही पोरी घरोघर हिंडायचो, आणि कुणाच्या करंज्या फुटल्या, कुणाच्या नाही, ह्याची चर्चा पुढे आठवडाभर पुरायची. काय दिवस होते ते!

लग्न होऊन सावलीला आले तेव्हा हे सगळं सुटलं असंच मला वाटलं होतं. पण आमचे हे शाळेत मास्तर, आणि हट्टी. कुणी "ख्रिश्चन का जी तुमी?" असं विचारलं की हातातला चहा निवेपर्यंत यहुदी कोण ते समजावून सांगायचे. मला मेलीला लाज वाटायची, की जाऊ द्या ना, कशाला एवढं सांगत बसता. दारफाळणीला दोघंच दार लावून बसायचो. ते वाचायचे, मी आमेन म्हणायची. तीसेक वर्षं असंच चाललं.

आदल्या दिवशी शेजारी जाऊन "उद्या आमचा सण, दार बंद राहील" असं सांगायचं काम ह्यांचंच. सांगितल्याशिवाय आमचा सण कुणाला कळायचा नाही, आणि त्या वर्षी मी कुणाला काही सांगितलं नाही. रागच होता, दुसरं काय! सकाळी पांढरं लुगडं नेसले, नळावरून पाणी आणलं, दार लावून पुस्तक काढलं. हिब्रू मला वाचता येत नाही, पण त्यात ते आपल्या अक्षरात छापलेलं आहे. पहिली प्रार्थना वाचली आणि थांबले. आता आमेन कोण म्हणणार? माझंच मी म्हणून पाहिलं. इतकं केविलवाणं वाटलं की पुस्तक मिटून भिंतीला टेकून बसले. तहान लागली होती. माठ समोरच होता. उठून पाणी प्यावं आणि संपवावं, असं अगदी मनात आलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारची चंद्रकला डोक्यावर टोपलं घेऊन उभी, मागे तिच्या घरच्या बाया, आणि एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोन गेलं वो बाई?" ती रडायच्याच बेतात होती. "सकाळी नळावर पांढरं लुगडं दिसलं, चूल पेटली नाई. पोरगा त बरा हाये ना? आमाले सांगतलं काऊन नाई?"

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी वरणभात घेऊन आल्या होत्या! मी म्हटलं, "अगं, कुणी गेलं नाही, आमचा सण आहे," आणि हसता हसता हमसून रडायलाच लागले. ह्यांना नागपूरच्या दवाखान्यातून परस्पर कोकणात नेऊन पुरलं. माझे शोकाचे सात दिवस तिकडेच गेले. सावलीतल्या कुणी माझ्या दारात भात आणलाच नव्हता. तो आज आला.

"चांदण्या निघेपर्यंत मला खाता येत नाही," मी म्हटलं.

"मंग बसतो आमी. भात थंडा होऊन राह्यला, होऊ दे," चंद्रकला म्हणाली आणि सगळ्या ओसरीत बसल्या.

ते म्हातारे तिच्या जावेच्या माहेरचे, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचे. डोळे दाखवायला आले होते. मिटलेलं पुस्तक पाहून, आणि आमेन म्हणायला कुणी उरलं नाही हे माझ्याकडून कळल्यावर, ते म्हणाले, "म्हना बाई तुमी. मी हुंकार भरतो. आमच्या गावात कोनी एकट्यानं सांगत नाई. हो म्हननारा मानूस लागतेच."

मी वाचायला लागले. दर ओळीला ते मान हलवून "हूं" म्हणायचे, आणि थोड्या वेळानं बायाही म्हणायला लागल्या. त्यांना अक्षर कळत नव्हतं, मलाही अर्धंच कळत होतं. पण पहिल्या चांदणीपर्यंत माझा आवाज एकदाही अडला नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो थंड भात खाल्ला. म्हातारे सकाळच्या एसटीनं गेले. नाव विचारायचं राहिलं. आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी कुठल्याही रूपात दारी येतो, असं आमच्यात म्हणतात. मी काही म्हणत नाही. मला फक्त एवढं कळलं की मी मागायचंसुद्धा बंद केलं होतं, तरी देवानं द्यायचं बंद केलं नाही. त्याच्यावर सोपवायचं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. त्याचे उपकार मी कुठल्या तोंडानं मानू?

दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाच्या करंज्या केल्या आणि घरोघर स्वतः नेऊन दिल्या. प्रत्येक दारात ह्यांच्यासारखं ठणकावून सांगितलं, "आम्ही यहुदी, काल आमचा सण होता!"

दुपारी मुलाचा फोन आला. "आई, पुस्तक कधी पाठवतेस?"

"पुस्तक इथंच राहील," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी तूच ये. आमेन म्हणायला इथं माणसं पुष्कळ आहेत रे, वाचणारा एक कमी पडतोय."