गाडी शालन चालवते

कोयनानगर सोडलं त्या सकाळी माझीच जीप मला सोडायला आली होती, आणि तिच्या स्टेअरिंगवर बाबू होता. आठवडाभरापूर्वीच मी त्याला ती विकली होती. कोयना ते कराड या रस्त्यावर आम्ही दोघांनी तीस-पस्तीस वर्षं वडाप केलं, म्हणजे माणसं मावतील तेवढी आणि न मावणारीही जीपमध्ये कोंबून नेली-आणली. शालन मागच्या सीटवर लोणच्याची बरणी मांडीत धरून बसली होती. मी बाबूच्या बाजूला होतो आणि प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

"गप बस की रं," बाबू म्हणाला. "आता गाडी माझी हाय. आन तिकडचं रस्तं लय गुळगुळीत असत्यात म्हनं. चालवता चालवता झोप लागंल तुला. स्टेअरिंगवर बसल्याला फोटू तेवढा धाड."

मी हसलो, पण आतून जळत होतो. जीप विकल्याचं दुःख नव्हतं. ती बाबूच्या हातात इतकी शहाण्यासारखी पळत होती याचं दुःख होतं.

आमची वर्षा मिरजेला नर्सिंग शिकली आणि नोकरी घेऊन न्यूझीलंडला गेली. तिला मूल झालं, तेव्हा तिनं आम्हा दोघांना कायमचं बोलावून घेतलं. धरणाच्या वसाहतीत माझे वडील मजूर होते. ते म्हणायचे, "कुठंबी जा, हातात काम हाय तवर मानूस उपाशी मरत न्हाई." मी मनाशी म्हटलं, माझ्या हातात ड्रायव्हिंग आहे, मला कसली भीती?

भारतातलं लायसन तिथं काही काळ चालतं, मग परीक्षा द्यावी लागते. मी ती थट्टेवारी नेली. कुंभार्ली घाट धुक्यात उतरवलेला माणूस मी. इथं घरासमोरचा रस्ता रांगोळी काढावी इतका स्वच्छ, आणि प्रत्येक गाडीत एकच माणूस. आमच्या जीपमध्ये एवढी जागा दिसली असती तर मी कराडपर्यंत हाका मारत गेलो असतो.

पहिल्या परीक्षेत उतार आला आणि मी गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचवायची सवय, हात आपोआप गेला. गाडी ऑटोमॅटिक, तरीही गेला. शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी खरडलं. दुसऱ्या वेळी आंधळ्या वळणावर मी लांबलचक हॉर्न दिला. घाटात तो दिला नाही तर शिव्या खाव्या लागतात, इथं दिला म्हणून फूटपाथवरच्या एक आजीबाई दचकून कुंपणाला टेकल्या. तिसऱ्या वेळी राउंडअबाउटमध्ये, म्हणजे गोल चौकात, आधी आलेल्या गाडीला वाट न देता घुसलो, कारण समोरचा थांबेल असा माझा हिशेब होता. त्यानंतर मी परीक्षेला गेलोच नाही. 'इथले नियम बावळट आहेत' असं सगळ्यांना सांगत राहिलो.

तेव्हाच वर्षानं आईला शिकवायला घेतलं. शालन कुंडलची, माहेरी ऊस, बैल, ट्रॅक्टर, सगळं पाहिलेली, पण स्टेअरिंगला तिनं कधी हात लावला नव्हता. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, आता ठोकेल. ती ठोकत नव्हती. तिला विसरायची कुठली जुनी सवय नव्हती. आरशात बघ म्हटलं की बघायची, थांब म्हटलं की थांबायची. पहिल्याच फटक्यात पास झाली. घरी आली तेव्हा तिचा चेहरा लग्नातल्या फोटोपेक्षा तरणा दिसत होता. मी म्हणालो, "हिथं काय, कुनालाबी देत्यात."

त्या रविवारी मी बाबूला फोटो पाठवला. दारात उभ्या असलेल्या गाडीत, स्टेअरिंगवर मी. पुढंही पाठवत राहिलो. समुद्रापर्यंत गेलो, डोंगरात गेलो, सगळं 'मी नेलं' म्हणून सांगितलं. शालन फोनच्या बाजूला बसून ऐकायची आणि काही बोलायची नाही. कोयनेच्या मंडळींनो, बाबूकडं ते फोटो बघून तुम्ही माझं कौतुक केलंत, पण ते सगळे प्रवास तिचे होते. मी शेजारी बसून रस्त्याला नावं ठेवत होतो.

एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

शालनचं इथं जग झालं. फिजीहून आलेल्या दोन म्हाताऱ्या, एक गुजराती बाई, यांना ती भजनाला न्यायची, भाजीला न्यायची. गल्लीत मला 'शालन्स हजबंड' म्हणू लागले. कोयनेत तिला दत्ताची बायको म्हणायचे, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. इथं मात्र ते दोन शब्द दिवसभर खुपायचे. ती किल्ली फिरवत बाहेर पडायची आणि मी नातवाचे मोजे शोधत बसायचो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिला यायला उशीर झाला. वर्षानं सहज विचारलं आणि मी म्हणालो, "तिला अंधारात नीट दिसत न्हाई गं. परवा खांबाला घासता घासता वाचली." असं काही झालं नव्हतं. वर्षा नर्स, तिला काळजी वाटणारच. तिनं किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. डोळे तपासायचं ठरलं, पण शालनच टाळू लागली. तपासणीत काही निघालं तर लायसन कायमचं जाईल, या भीतीनं.

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. दोन-चार दिवस वाटलंही. मग ती जिना उतरताना कठडा धरू लागली. सुई ओवायला वर्षाकडे देऊ लागली. एके दुपारी तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात खडा नसतो, तरी ती निवडते. ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "आवं, बगा की जरा. एखादा ऱ्हायला आसंल. मला आता भरवसा वाटंना."

ताट पांढरंशुभ्र होतं.

"शालन, तुझं डोळं चांगलं हायत," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"का?"

"तू चालवतीस म्हनून."

तिनं ताट आपल्याकडं ओढून घेतलं. "एवढी वर्सं तुमच्या बाजूला बसून कोयना-कराड केलं म्या," ती म्हणाली. "एकदा तरी म्हनले का, मला द्या म्हनून? तुमी चालवताय ह्याचा मला आनंद हुता."

वर्षा ड्युटीवरून आल्यावर तिच्यासमोरही मलाच सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, आई माझ्याकडं येऊन रडायची, माहीत आहे तुम्हाला?" मला माहीत नव्हतं.

डोळे तपासले. उत्तम निघाले. शालन दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन बाहेर पडली आणि मला 'येता का' असं विचारलं नाही. पुढचे कितीतरी दिवस विचारलं नाही. शेवटी एका रविवारी तिनं फोन माझ्या हातात दिला. "बाबूभावजींना सांगा. तुमच्या तोंडानं."

मी सांगितलं. इथलं लायसन नाही, कधीच नव्हतं, गाडी शालनच चालवते. बाबू ओरडला, "वैनी चालवत्यात? मग तू काय करतूस?"

"बसतो."

"मग तिकीट तरी दितूस का न्हाई, भाड्या?"

शालन हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि तेही बाबूच्या बोलण्यावर, याचाही मला हेवा वाटला. खोटं का सांगू? या वयात माझा स्वभाव सुटणार नाही. ती गाडी रिव्हर्स घेते तेव्हा माझा पाय अजूनही ब्रेक शोधतो. फक्त आता मी तोंड उघडत नाही.

परवा शनिवारी ती दारात चपला घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बसायचं आसंल तर बसा. उशीर व्हतोय." कुठं जायचंय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाऊन बसलो.

तुम्ही दर फोनवर विचारता, घरी कधी येणार? पूर्वी मी घर म्हणजे कोयना एवढंच धरून चालायचो. तिथली वळणं मला झोपेतही येतात. पण त्या वळणांवर आता बाबू आहे, आणि इथल्या रस्त्यांची नावंसुद्धा मला धड पाठ नाहीत. म्हणून आता मला कुणी घराचा पत्ता विचारला, तर मी म्हणतो, शालनला विचारा. गाडी कुठं न्यायची ते तिला माहीत आहे.