गिऱ्हाइकासाठी जोडलेल्या खाटा

दुपारी जेवण झालं की डोळ्यांवर झापड येते, ती घर विकायला काढलंय म्हणून काही थांबत नाही. मी कवळी काढून वाटीतल्या पाण्यात सोडते, वाटी खिडकीत ठेवते आणि पलंगाकडे बघत उभी राहते. मेघना बजावून गेली आहे, मावशी, संध्याकाळी माणसं येणार, तोवर यावर बसायचंसुद्धा नाही, चादरीला सुरकुती पडेल. मेघना आमची एजंट. वयानं माझ्या सुनेएवढी, पण घर कसं दाखवावं यात तिला भलतीच गती. माझ्या शिवणक्लासात असती तर टाके सरळ घाल म्हणून मी तिला दहादा उसवायला लावलं असतं. इथं मात्र ती मला दटावते आणि मी ऐकून घेते.

सकाळी आम्ही दोघींनी मिळून ही झोपायची खोली लावली. शिलाई मशीन बाहेर गेलं, औषधांचं स्टूल गॅलरीत गेलं, यांचा फोटो हारासकट कपाटात गेला. नवीन जोडपं येतंय, मावशी, पहिल्याच नजरेला गेलेल्या माणसाचा फोटो नको, असं ती म्हणाली. खरं आहे, पण यांना उताणं ठेवून कपाटाचं दार लावताना हात जड झाला. मग तिनं आमच्या दोन खाटांकडे बघितलं. एक खिडकीच्या भिंतीला, एक दाराच्या, आणि मधे एवढी जागा की मशीनवर बसून मी परकर शिवत असे. "या जोडू या, खोली मोठी दिसेल," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागली.

जोडल्या. यांची खाट खिडकीपासून सरकली तेव्हा तिच्या खालच्या फरशीवर ओरखडे दिसले. पायांच्या जागेपासून निघालेले आणि वीतभर जाऊन थांबलेले, एकावर एक बरेच. मेघनानं त्यांवर पायपुसणं टाकलं. माणसं बसली की मधे फट पडू नये म्हणून मधले पाय एकमेकांना बांधायला हवे होते, तर मशीनच्या खणात साडीच्या काठाची जुनी पट्टी सापडली. लग्नानंतर कितीतरी वर्षं याच पट्टीनं या खाटा बांधलेल्या होत्या. मी खाली बसून सुरगाठ मारली, एक टोक ओढलं की सुटेल अशी, कारण चार दिवसांनी ती सोडायचीच आहे. पुण्याला मुलाच्या, सुहासच्या घरात मला जी खोली मिळणार आहे तिच्यात एकच खाट मावते. दुसरी इथंच राहील, नाहीतर जुन्या बाजारात जाईल. माझी न्यायची की यांची, ते मेघना पुन्हा पुन्हा विचारतेय. मी नुसतं बघू म्हणते.

बघू बघू म्हणत मी पलंगाच्या कडेला टेकते. नुसती टेकते. मग पाय वर घेते. इस्त्रीची चादर विस्कटू नये म्हणून अंग चोरून पडते, भिंतीकडे तोंड करून, माझ्याच बाजूला. डोक्यावर पंखा खडखडतो. तो आवाज लांब जातो, परत येतो, आणि परत येतो तो यंत्रमागांचा आवाज होऊन.

इचलकरंजीत आवाज आला म्हणजे मागच असणार. हा यांचा कारखाना आहे. सगळं आयुष्य यांनी इथं जॉबर म्हणून काढलं, बिघडलेला माग नीट करायचा हे यांचं काम. खिडकी आमच्या खोलीची आहे, पडदा मेघनानं लावलेला नवा आहे, पण खिडकीखाली माग उभा आहे आणि त्याचे धागे माझ्या उशीखालून निघून पलीकडे जातायत. धोटा येतो-जातो. आणि आता मात्र आवाज अजिबात नाही.

हे मागाखालून वाकून बाहेर येतात. भुवयांत कापूस अडकलेला, खाकी चड्डीला हात पुसलेले. मला आश्चर्य वाटत नाही. चहा ठेवायला हवा एवढंच मनात येतं.

"जोडल्यास व्हय खाटा?" ते विचारतात.

हळू विचारतात, आणि याचंच मला नवल वाटतं. मागांच्या गदारोळात बोलून बोलून यांचा आवाज घरातही चढलेला असे. आमच्याकडे आमटी झाली की पिठलं ते गल्लीला यांच्याकडून कळायचं. आता कानाशी बोलल्यासारखं बोलतात.

"जोडल्या," मी म्हणते. कवळी नाही म्हणून तोंडावर पदर धरते.

"कशापायी?"

"गिऱ्हाईक येणार हाय."

ते मान हलवतात. रागानं नाही. एखादा हिशेब आपल्याला वाटत होता तसाच निघाला की माणूस हलवतो, तशी. यांच्या शेवटच्या दिवसांत, रात्री यांचा हात खाटेवरून खाली लोंबायचा तेव्हा, मला खाटा जोडायचं कधी सुचलं नाही, आणि एका परक्या मुलीनं सकाळी येऊन पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत दोन्ही खाटा जोडून टाकल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं.

"तुम्हीच की लांब नेलीसा," मी शेवटी म्हणते.

माझ्या हातात कात्री आहे. मी क्लासात उभी आहे, मुली खाली मान घालून बटणांची काजं करतायत आणि कुणीच वर बघत नाही. दारात शेजारच्या अक्काताई उभ्या आहेत. डोळे का सुजलेत म्हणून त्या विचारतात, आणि मी तोंडातली टाचणी काढून हसत हसत सांगते की यांच्या खोकल्यानं झोपेचं पार खोबरं झालंय, हे खोकले की अख्खा पलंग हलतो. अक्काताई हसतात. हे सगळं मला आठवतं, हे असंच झालं होतं. पण त्या दिवशी दाराआड मी बघितलं नव्हतं, आज बघते. दाराआड हे उभे आहेत, हातात भाजीची पिशवी. मेथीची जुडी पिशवीतून बाहेर आलीय. ते खोकला दाबून धरतात, इतका की मानेच्या शिरा ताठतात, आणि पायांचा आवाज न करता वळतात.

"कापूस माझ्या छातीत, आनि जागरन तुला," ते म्हणतात. "म्हनून नेली लांब. दुसरं काय न्हाई."

त्या संध्याकाळी मी घरी आले तर पट्टी सोडून घडी घालून ठेवलेली होती आणि खाट भिंतीला लागलेली. मला वाटलं, या माणसाला माझा कंटाळा आला. आत काहीतरी तुटलं, पण तुटलं असं दाखवेन तर मी शालन कसली. मी म्हटलं, बरं केलंसा, झाडायला सोपं झालं. ते जेवायला बसले होते. त्यांनी पुन्हा भात घेतला नाही, एवढंच. मग मधे स्टूल आलं, स्टुलावर तांब्या आला, सुहासच्या लग्नानंतर मशीनही तिथंच आलं. दोघांनीही त्यावर एक अक्षर काढलं नाही. आमची अळीमिळी गुपचिळी.

पायांना गार लागतं. आम्ही खाटांच्या कडांवर समोरासमोर बसलोय आणि मधल्या फटीतून नदी वाहतेय. घाटाच्या पायऱ्या आमच्या कपाटापर्यंत आल्यात. पाणी घोट्याएवढंच आहे, पण काठावरचं मशीन, स्टूल, तांब्या त्यात हलकेच तरंगत निघालेत आणि त्यांना धरावं असं कुणालाच वाटत नाही.

"मी आनीत हुतो की जवळ," ते पाण्याकडे बघत म्हणतात.

"काय?"

"खाट. तू क्लासला गेलीस की वडायचो. ईतभर जायाची, मग दम लागायचा. म्हटलं, उद्या आनि ईतभर. दुसऱ्या दिशी बघतोय तर परत भिताडाला."

माझ्या अंगाला घाम फुटतो. नदीत पाय असताना घाम फुटतो.

कारण ते मला माहीत आहे. खाट भिंतीला नेणारी मी होते. झाडायला घेतलं की यांची खाट फरशीच्या रेघेवरून हललेली दिसायची. शिवणारीचा डोळा, वाकडं काही खपत नाही. हे धपकन बसतात म्हणून सरकते असं पुटपुटत मी कंबर लावून ती रेटायची आणि रेघेला रेघ जुळली की हात झटकायची. किती वेळा रेटली असेल देव जाणे. फरशीला मोजदाद ठाऊक असेल, आणि तिच्यावर मेघनानं पायपुसणं टाकलंय.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" मी चिडते. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण हा माझा नवरा आहे. "तोंड शिवलं होतं काय तुमचं?"

"शिवनकाम तुझ्याकडं," ते म्हणतात आणि जरा हसतात. मग हसू जातं. "तू सरळ करत हुतीस. मला वाटलं, नगं असंल तुला."

नको कशाला असेल. मी रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून जागी असायची आणि यांचा खोकला मोजायची. खोकला थांबला की मला भीती वाटायची, पुन्हा सुरू झाला की बरं वाटायचं, आणि उठून चार पावलं पलीकडे जायला माझा ताठा आड यायचा. हे यांना सांगायला तोंड उघडते, पण तोंडातून टाचण्याच पडतात, एकामागून एक, चादरीवर. ते त्या वेचून माझ्या तळहातावर ठेवतात. यांची बोटं गार नाहीत.

माग पुन्हा खिडकीखाली आलाय. नदी गेली. पायाखाली कोरडी फरशी आहे.

"पुण्याला एकच मावतीया," मी म्हणते. "कुठली नेऊ? तुमची का माझी?"

त्याच वेळी मागावर धाग्याची तार तुटते. हे वाकतात, दोन्ही टोकं चिमटीत धरतात, आणि डोळा लवायच्या आत गाठ बसलेली असते. मोहरीएवढी. उरलेली टोकं दातांनी तोडून थुंकतात. मी पहिल्यांदा कारखान्यात डबा घेऊन गेले होते तेव्हाही यांनी अशीच गाठ मारली होती, मला दाखवायला म्हणून, आणि मी सुटतेय का बघायला ती नखानं उकरत बसले होते. सुटली नव्हती.

"सांगा की," मी म्हणते.

"मला इचारू नगंस. मी एकदा हलवली, तेवढं बास झालं."

मग ते त्यांच्या बाजूला आडवे होतात. मीही होते. खाट लांब गेल्यापासून पहिल्यांदाच मी भिंतीकडे पाठ करते. मधे फट नाही, रेघ नाही. यांची छाती भरून येते, ते दाबायला बघतात, मानेच्या शिरा ताठतात.

"खोका," मी म्हणते. "खुशाल खोका. मी जागीच हाय."

ते खोकतात. अख्खा पलंग हलतो.

डोळे उघडतात तेव्हा पंखा फिरतोय आणि ऊन भिंतीवर चढलंय. माझा हात जोड ओलांडून पलीकडे, यांच्या बाजूला गेलेला आहे. तिथं चादर गार आहे. मी तशीच पडून राहते आणि मनसोक्त रडून घेते, कारण आता घरात कुणाला ऐकू जाणार नाही आणि रडायचं ते हे होते तेव्हा, यांच्या कुशीत रडायला हवं होतं. काही म्हणता काही अडचण नव्हती. नुसतं एकानं म्हणायचं होतं, जवळ घ्या. मोजून चार अक्षरं.

उठून बसते. खाली उतरून पट्टी नीट आहे ना बघायला वाकते, आणि वाकलेलीच राहते.

माझी सुरगाठ नाही. मोठा फासा करून मी टोक बाहेर काढून ठेवलं होतं, ते नाही. दोन खाटांच्या पायांमधे काठाची पट्टी ताणून बसलीय आणि तिच्यावर एक गाठ आहे, कापडाच्या पट्टीला बसूच नये एवढी बारीक. टोकं तोडलेली. कात्रीनं कापलं की कड साफ येते, हे मला कुणी सांगायला नको. ही टोकं चावून तोडलेली आहेत, दशा निघाल्यात, अजून ओलसर आहेत. मी खिडकीकडे बघते. माझे दात वाटीत, पाण्यात, ठेवले तसेच.

नखानं उकरून बघते. सुटत नाही.

बेल वाजते. दाराबाहेर मेघनाचा आवाज आणि तिच्यामागे एक लाजरा, नवा, बाईचा आवाज, आणि त्याला काहीतरी विचारणारा पुरुषाचा. मी कवळी घालते, पदर सारखा करते. मेघनाला काय सांगायचं ते ठरलंय. दोन्ही खाटा इथंच राहतील आणि बांधलेल्या आहेत तशा राहतील, घ्यायच्या तर जोडीनं घ्या. पुण्याला मी जमिनीवर गादी घालीन. आणि त्या नव्या लग्नाच्या मुलीला एकटीला बाजूला घेऊन एक सांगायचंय, ते कसं सांगायचं ते मात्र अजून सुचत नाही.

दाराकडे निघते आणि सवयीनं मागं वळून बघते. चादर चुरगळलीय. यांची खाट फरशीच्या रेघेवरून जराशी सरकून माझ्या खाटेला चिकटलीय, वाकडी. हात पुढं जातो. मी तो मागं घेते, आणि खाट तशीच राहू देते.