चादरीचं दुसरं टोक

दवाखान्यात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला लोक मावशी म्हणतात. त्यामुळे माझी मावशी पालिकेच्या अख्ख्या दवाखान्याची मावशी होती आणि मी सख्खी भाची असूनही माझा नंबर कायम रांगेत शेवटचा. ही तक्रार मी आजही करते आणि ती आजही कानाआड टाकते.

एकोणीस वर्षं ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालत होती. इस्त्रीच्या मशीनमधून चादर तापलेली बाहेर येते आणि तिच्या घडीला दोन माणसं लागतात. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण. ती इतकी उंच की सगळे तिला शिडीच म्हणत. दोघी एकाच आठवड्यात कामाला लागल्या. शिडी सोमवारी रुजू झाली ती कायम नोकरीत. मावशी शुक्रवारी गेली, तोवर भरती कंत्राटदाराच्या हातात गेली होती. फरक चार दिवसांचा. चादर तीच, चटके तेच, पण शिडीच्या टोकाला पूर्ण पगार आणि मावशीच्या टोकाला निम्मा.

हे कंत्राट दर पाच वर्षांनी पालिकेच्या सभेत मंजूर व्हायचं आणि आमच्या वॉर्डाचा नगरसेवक होता कंत्राटदाराचा व्याही. मग काय, आनंदच. अर्ज देऊन देऊन मावशीच्या चपला झिजल्या. शेवटी ती म्हणाली, "जिथे हे ठरतं, त्या खोलीतच जाऊन बसते." तिने निवडणुकीचा अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेतलंस?" माझी आई तिच्यावर करवादली. "आता हरलीस तर ना नोकरी, ना खुर्ची. आणि लॉन्ड्रीतल्या बाकीच्या कंत्राटी बायकांचा पगार आणखी पाच वर्षं निम्माच."

"म्हणून तर हरायचं नाही," मावशी म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

पत्रक मी लिहिलं. समान कामाला समान पगार, अशा चार ओळी आणि खाली तिचा फोटो. मला त्या मजकुराचा जरा गर्वच होता. लॉन्ड्रीतल्या बायकांनी एका सुट्टीच्या दुपारी सातशे पत्रकांच्या घड्या घातल्या, काठाला काठ जुळवून, दृष्ट लागावी अशा. आम्ही ती घरोघर दाराखालून सरकवली. तीन दिवसांनी कळलं, कुणी वाचलंच नाही.

लॉन्ड्रीचा नियम असा, की कापडाची सुलटी बाजू आत घ्यायची आणि उलटी बाहेर ठेवायची. धूळ बसली तर उलट्या बाजूवर बसते. बायकांनी हाताच्या सवयीने पत्रकांचीही तशीच घडी घातली होती. छापलेलं सगळं आत आणि बाहेर कोरा कागद. घडी इतकी पक्की की ती उघडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. लोकांनी त्यावर वाणसामानाच्या याद्या केल्या. एका गृहस्थांनी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझ्या चार ओळी सारल्या होत्या.

मी रडकुंडीला आले, तोंडाला येईल ते बोलले. पुन्हा छापून घेण्याची आमची ऐपत नव्हती. मावशी मात्र चिडली नाही. "घड्या सुरेख होत्या हं," म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "चल. आत काय लिहिलंय ते तोंडाने सांगून येऊ."

सातशे घरं आणि हातात अकरा दिवस. त्यात मावशीला भाषण जमत नाही. "मी उभी आहे," इतकं बोलून ती खरोखर नुसतीच उभी राहायची. मग एका गच्चीवर एक बाई दोरीवरची भली मोठी चादर एकटीनेच आवरताना दिसली. चादर जमिनीवर लोळत होती. मावशीने न विचारता दुसरं टोक उचललं आणि घडी घालता घालता म्हणाली, "ताई, आत्ता आपण दोघींनी सारखंच काम केलं ना? मग तुम्हाला पूर्ण पगार आणि मला अर्धा दिला तर?"

"असं कुठे असतं का?" बाई म्हणाली.

"असतं. आपल्या दवाखान्यात."

त्या दिवसापासून माझा मजकूर बाजूला पडला तो कायमचाच. मावशी दारोदार जाऊन टोकं धरत सुटली. तिकडे नगरसेवक सभांमधून सांगत होता, शहराची बसलेली घडी विस्कटू देऊ नका. घडीबद्दल मावशीला शिकवायला निघालेला हा पहिलाच माणूस. ती एकशे सहा मतांनी निवडून आली. मी भर रस्त्यात नाचले आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

कंत्राटाचा विषय सभेत आला त्या दिवशी मी आणि शिडी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. मावशी उठली, पिशवीतून चादर काढली आणि थेट नगराध्यक्षांना म्हणाली, "साहेब, एवढं टोक धरता का?" सगळे हसले. नगराध्यक्ष भला माणूस, त्यांनी धरलं. दोघांनी मिळून घडी घातली. त्यांची बाजू जरा वाकडीच झाली.

"आता यातलं कंत्राटी टोक कुठलं ते दाखवा," मावशी म्हणाली.

नगराध्यक्ष चादर उलटीपालटी करून पाहत राहिले. हसू थांबलं होतं. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"मलाही एकोणीस वर्षांत सापडलं नाही," असं म्हणून मावशी खाली बसली. शेजारी शिडीने माझा पदर ओढून त्याला नाक पुसलं.

समान पगाराचा ठराव तीन मतांनी मंजूर झाला. मावशीच्या पदरात त्यातलं काहीच पडलं नाही. लॉन्ड्रीत तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई घेतली होती. पहिला पूर्ण पगार झाला त्या संध्याकाळी ती बाई आमच्या दारात आली.

"शिडीताईंनी पाठवलं," ती म्हणाली. "तुमचं टोक आता माझ्याकडे आहे."

मावशीने तिचे हात हातात घेतले, उलटे केले, बोटं निरखून पाहिली. "चटके बसतात ना? काठ असा बोटांच्या टोकावर घ्यायचा," म्हणाली आणि दाखवायला पलंगावरची चादर ओढू लागली. त्या चादरीवर मी बसले होते, हे तिच्या लक्षातही नव्हतं.