हात जोडलेला कानिफनाथ

कानिफनाथ स्वतःबद्दल सांगायला लागला की आधी नाकाला हात लावतो. "हे नाक लई गुनाचं हाय. सगळा घोळ ह्याच्या खाली हाय," म्हणतो. नाकाखाली मिशी आहे आणि मिशीखाली तोंड. मिशीनं आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

कर्जत तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात त्याचं गाव, आणि गावात त्याचं मिरची कांडप. वर पत्रा, खाली फरशी, मधे धडाधड कुटणारं मशीन. उन्हाळ्याचे दोन महिने हाच त्याचा वर्षाचा धंदा. बायका मिरच्या वाळवून, खोबरं-धणे तेलात परतून पिशव्या भरून आणतात, मशीनसमोर फतकल मारून बसतात आणि आपला माल दुसरीच्या मालात जात नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. गावात पार्ट्या दोन, वरल्या आळीची आणि खालच्या आळीची. लग्नकार्याला एकमेकींकडे न जाणाऱ्या बायका इथं मात्र मांडीला मांडी लावून शिंकतात.

पण मशीनचं बटण दाबायच्या आधी कानिफनाथ प्रत्येक पिशवीत नाक घालणार. हा त्याचा नेम. "मिरची ओली हाय. दोन दिस ऊन दाखव, मग ये." "हे खोबरं खवट झालंय. कुनाला खाऊ घालनार हाईस, सवतीला?" पाचातली एक बाई तरी तो परत पाठवायचा, आणि परत पाठवताना बोलायचा ते वेगळंच. त्याची बायको मालनबाई दारात बसून कपाळाला हात लावायची. "लोकं चोर हाकलायला कुत्रं पाळत्यात. आमच्यात गिऱ्हाईक हाकलायला मालकच ठेवलाय," म्हणायची. कानिफनाथ हे वाक्य आता स्वतःच सगळ्यांना ऐकवतो, आणि वर सांगतो की कुत्रं परवडलं असतं, त्याला चहा लागत नाही.

हे मशीन येण्याआधी नवरा-बायकोनं अकरा हंगाम ऊसतोड केली होती. दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमधे बिऱ्हाड चढवायचं आणि उन्हाळ्यात परत उतरवायचं. मशीन आलं त्या दिवशी मालनबाईनं बजावलं होतं, की आता परत कोयता हातात धरायचा नाही. पण गेल्या वर्षी फाट्यावर नवीन कांडप सुरू झालं. तिथं पंखे, खुर्च्या, आणि कसलीही पिशवी न्या, मालक "हो ताई, बसा ताई" करत कुटून देणार. कानिफनाथच्या दारातली निम्मी रांग तिकडं गेली. यंदाही तसंच झालं तर मशीन विकायचं आणि चोपन्नाव्या वर्षी पुन्हा ट्रकमधे चढायचं, एवढा साधा हिशेब होता. तो मनात आला की त्याला रात्री झोप लागत नव्हती.

म्हणून त्यानं लेकीला फोन लावला. राजेश्वरी संगमनेरला कॉलेजात कॉमर्स शिकते.

"आप्पा, छोट्या धंद्याचा ब्रँड म्हणजे त्याचा मालकच," ती म्हणाली. "तुम्ही जसे आहात तसे लोकांपुढे या. तुमचा स्वभाव हीच तुमची जाहिरात."

"माजा सोभाव?" कानिफनाथला मिरची न कुटताच ठसका लागला. "आगं, तोच झाकायचा म्हनून तर तुला इचारतोय!"

"झाकू नका ना. तेच तर सांगतेय. लोकांना मालकाचा खरा चेहरा दिसला पाहिजे."

पोरीनं अर्धा तास समजावलं. त्यातले दोन शब्द कानिफनाथनं उचलले: मालकाचा चेहरा. 'खरा' हा शब्द वाटेत कुठं सांडला, ते त्यालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून कर्जतला गेला. तिथला फ्लेक्सवाला महिनाभर झोपलेला नव्हता, कारण तालुक्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. त्यानं कानिफनाथला स्टुलावर बसवलं, एक फोटो मारला आणि म्हणाला, "जावा चहा पिऊन या." चहा पिऊन येईपर्यंत फ्लेक्स तयार. आठ फुटी कानिफनाथ. अंगात निळं जाकीट, जे त्यानं जन्मात घातलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू, जे मालनबाईनंही कधी पाहिलं नव्हतं. आणि छातीशी जोडलेले दोन हात, त्यांच्या बोटांत तीन अंगठ्या.

"हे हात कुनाचे?" कानिफनाथनं विचारलं.

"आपलेच समजा," फ्लेक्सवाला म्हणाला.

वर मोठ्या अक्षरांत 'आपला माणूस' आणि खाली 'एकच ध्यास, चवीचा विकास'. 'मिरची कांडप' हे शब्दही होते, पण तळाच्या कोपऱ्यात, वाचायला उकिडवं बसावं लागेल असे. कानिफनाथला मात्र फ्लेक्स भलताच आवडला. एक एस.टी. स्टँडवर लागला, एक पारावर आणि एक कांडपाच्या दारात. पारावरच्या फ्लेक्सपुढे तो इतका वेळ उभा राहिला, की शेवटी त्यानं त्या नमस्काराला उलट नमस्कार केला. हे गावातल्या चौघांनी पाहिलं.

आता आपल्याकडं माणूस फ्लेक्सवर चढतो तो तीन कारणांनी. वाढदिवस असला, माणूस मेला, नाहीतर तो निवडणुकीला उभा राहिला. कानिफनाथचा वाढदिवस त्याच्या आईलाही ठाऊक नव्हता. मेला म्हणावं, तर सकाळीच तो हौदावर दात घासताना दिसला होता. राहिलं तिसरं.

दुपारपर्यंत सरपंचांचा फोन आला. सरपंच म्हणजे वरल्या आळीचे अंगद. "काय कानिफशेठ, कुनी उभं केलं तुमाला?"

"आवो सरपंच, कुनी न्हाई! मी कशाला उभा ऱ्हातोय?"

"असंच म्हनत्यात सगळे," अंगद म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी खालच्या आळीचा भागवत मोटारसायकलवरून आला. गाडीवरून न उतरताच म्हणाला, "आण्णा, सरपंचांनी आमची मतं फोडायला उभं केलं ना तुमाला? इतकी वर्सं आमच्या आया-बाया तुमच्याकडं येत्यात, आन् तुमी हे केलं व्हय?"

कानिफनाथनं बिरोबाची शपथ घेतली. शपथ घेतल्यावर तर भागवतची खात्रीच पटली, कारण गेल्या खेपेला त्यानं स्वतः अशीच शपथ घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी अर्ज भरला होता.

एवढ्यावर थांबला असता तर तो कानिफनाथ कसला! फ्लेक्सवर हसरा चेहरा लावलाय तर दुकानातही तोच दिसला पाहिजे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. सकाळी आरशापुढे उभं राहून त्यानं हसायची तालीम केली. मालनबाई म्हणाली, "दाढ दुखतीय का?"

पहिलं गिऱ्हाईक आलं ते म्हातारी रंगुबाई. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिनं पिशवी ठेवली आणि नेहमीसारखी बोलणी खायला कंबर कसून उभी राहिली. कानिफनाथनं पिशवीत नाक घातलं. मिरची ओली होती. चांगलीच ओली. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "लई झ्याक मिरची हाय, मावशी. बसा. चहा घेनार का?"

रंगुबाई घाबरलीच. "कानिफा, बरं हाय ना रं तुला?"

तिनं चहा घेतला, मसाला कुटून घेतला आणि घरी जाता जाता दोन्ही आळ्यांत सांगत गेली, "उभा हाय बाई, नक्की उभा हाय. मला चहा पाजला त्यानं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात चिटपाखरू नाही. वरल्या आळीच्या बायका आल्या नाहीत, कारण तो खालच्यांचा. खालच्या आळीच्या आल्या नाहीत, कारण तो वरच्यांचा. सगळ्या पिशव्या टमटममधे बसून फाट्यावर निघाल्या. कानिफनाथ रिकाम्या मशीनपुढे बसून फ्लेक्सवरच्या स्वतःकडे बघत राही. तो वरचा कानिफनाथ मात्र अंगठ्या घालून खुशाल हसत होता.

दहाव्या दिवशी रंगुबाई डबा घेऊन आली आणि झाकण उघडून त्याच्यापुढे धरला. मसाल्याला गाठी झाल्या होत्या. वास डब्याबाहेर येत होता, नाक घालायचीही गरज नव्हती.

"तुला कळलं न्हाई का रं मिरची ओली हुती ते?" तिनं विचारलं.

"कळलं हुतं, मावशी."

"मग बोलला का न्हाईस? वीस वर्सं बोलतोस, मी वीस वर्सं ऐकून घेती. वर्साचा मसाला हुता माजा. आता पोराच्या म्होरं कुठल्या तोंडानं पैसं मागू?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच गेली. कानिफनाथ सांगतो, की आयुष्यात त्याला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पण त्या दिवशी स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं ते पहिल्यांदाच. त्यानं मालनबाईला सांगून घरच्या डब्यातला सगळा मसाला रंगुबाईकडे पोचवला आणि विळा घेऊन तिन्ही फ्लेक्स उतरवले.

गावानं त्याचाही अर्थ लावला. कानिफनाथनं माघार घेतली, म्हणजे कुणाकडून तरी काहीतरी घेतलं! वरले म्हणाले खालच्यांनी दिलं, खालचे म्हणाले वरच्यांनी दिलं. एवढी किंमत आपल्याला कधी येईल असं कानिफनाथला वाटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात अंगद सरपंचांचा टेम्पो दारात उभा राहिला. मागं मिरचीची पोती आणि धण्याची पोती. सरपंच पायरीवर टेकले. "कानिफशेठ, प्रचाराच्या जेवनावळी सुरू व्हनार. सगळा मसाला तुमच्याकडंच. फक्त दोन सभेत आमच्या शेजारी बसायचं."

कानिफनाथ उत्तर देईपर्यंत भागवतचा पिकअप आला. त्यातही पोती. "आण्णा, हे आमचं. त्यांच्यापेक्षा दोन पोती जास्तच हायेत. पाठिंबा तेवढा आमाला."

हे बघायला दोन्ही आळ्यांच्या बाया रस्त्यावर जमल्या. मालनबाई दारात उभी होती. ही पोती कुटली तर हंगाम सुटला, मशीन राहिलं, दसऱ्याला ट्रकची वाट बघायची नाही. कानिफनाथला तिच्याकडे बघवेना.

त्यानं सरपंचांचं पोतं सोडलं, आत नाक घातलं, एक मिरची बोटांत चोळली. मग भागवतचं सोडलं. मग हात जोडून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. ओठ मिटून, गाल फुगवून, तोंड लाल. बाया म्हणाल्या, आता हा हो म्हणणार.

"सरपंच," तो म्हणाला, "ही मिरची हाय का गव्हानीतला कडबा? रंग मारलाय हिला, रंग! बोट बघा माजं! आन् भागवतराव, तुमचं धनं चालायला लागल्यात, बघा, किडं मोजा! हे गावाला खाऊ घालनार? मतं मागायची ती मागा, पन लोकांच्या पोटाचं काय वैर हाय तुमचं? उचला! दोगंबी उचला, आन् माज्या फरशीवर सांडू नका!"

मालनबाईनं डोळे मिटून घेतले.

सरपंच उठले. भागवतनं पिकअप मागं घेतला. जाताना दोघंही आयुष्यात पहिल्यांदा एकाच गोष्टीवर एकमत होऊन गेले: या माणसाला बोलायची अक्कल नाही. गाड्या फाट्याच्या दिशेनं वळल्या तशी रंगुबाई गर्दीतून मोठ्यानं म्हणाली, "न्हाई गं बायांनो, हा उभा न्हाई. मत मागनारा असं बोलतोय व्हय?"

त्या रात्री नवरा-बायको जेवले नाहीत. मालनबाई एवढंच म्हणाली, की बोलायचं ते बोललास, पण कडबा म्हणायची काय गरज होती. कानिफनाथ म्हणाला, की तेवढं जरा जास्त झालं.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. सरपंचांची बायको, सत्यशीला. तिच्यामागं भागवतची आई, आणि तिच्यामागं रस्त्याच्या वळणापर्यंत बायाच बाया, वरल्या-खालच्या एकमेकींत मिसळलेल्या.

"वहिनी, तुमचा माल तर काल फाट्यावर गेला," कानिफनाथ म्हणाला.

"ते लोकांना वाढायचं हुतं," सत्यशीला म्हणाली. "हे आमाला खायचं हाय."

कानिफनाथनं पिशवी घेतली, आत नाक घातलं आणि दीर्घ श्वास घेतला. मालनबाई मागून कळवळून म्हणाली, "अवो, आज तरी..."

"ओली हाय," कानिफनाथ म्हणाला. "सरपंचाच्या घरात ऊन येत न्हाई का? परवा या."

सत्यशीला हसली, पिशवी बगलेत मारून घरी निघाली. तिच्यामागच्या सगळ्या बायांनी आपापल्या पिशव्यांची तोंडं सोडली आणि रांगेत उभ्या उभ्याच वास घ्यायला सुरुवात केली.